बुटात घातलेला हात

परसू अण्णा तयार झालेला बूट गिऱ्हाइकाच्या हातात लगेच कधी देत नसत. आधी स्वतःचा उजवा हात मनगटापर्यंत त्यात घालत, डोळे मिटत आणि गप्प बसत. आत बोटं सरकत असायची. बाहेरून बुटाचं कातडं तेवढं किंचित हलताना दिसायचं. एका बुटाला दोन-तीन मिनिटं लागत. त्या वेळात कुणी काही विचारलं तर डावा हात वर करून थांबवत. एकदा एक गृहस्थ फार घाईत होते. ‘अहो, मापाचाच आहे ना, द्या की,’ असं म्हणाले. अण्णांनी डोळे न उघडता सांगितलं, ‘मापाचा हाय. पायाचा हाय काय ते बघायलोय.’

धारवाडच्या सुभाष रोडच्या मागच्या बोळात त्यांची एक खोली होती. तिथे रोजच्या वापराच्या चपला शिवून मिळत नसत. मिळत ते आजारी पायांचे बूट: पोलिओनं वाळलेल्या, अपघातात आखूड झालेल्या आणि अलीकडे बहुतेक करून साखरेच्या आजारानं बधिर झालेल्या पायांचे. अण्णा मूळचे अथणीकडचे, पिढ्यान्‌पिढ्या कातड्याचं काम करणाऱ्या घरातले. तरुणपणी एका इस्पितळाच्या वर्कशॉपमध्ये असले बूट करायला शिकले आणि ते वर्कशॉप बंद पडल्यावर ही खोली धरून बसले. मी त्यांना प्रथम पाहिलं तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. ठेंगणे, रुंद पंजाचे, कपाळावर कायम आठी. मला वाटलं, माणूस रागीट दिसतो. तो राग नव्हता, काळजी होती, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

त्यांच्याकडे जायची वेळ आईमुळे आली. धारवाडातच मळमड्डीत आम्ही दोघीच राहतो, आई आणि मी. आई मराठी शाळेत शिक्षिका होती. एका संध्याकाळी ती बाजारातून आली आणि पाय धुवायला मोरीत गेली. मी बाहेरच्या खोलीत आले तर फरशीवर दारापासून मोरीपर्यंत लाल ठसे, फक्त उजव्या पायाचे. तिच्या चपलेतून बाभळीचा काटा आरपार घुसला होता आणि तो तसाच घेऊन ती अख्खा बाजार फिरली होती. ‘मला काहीच कळलं नाही गं,’ ती म्हणाली. काटा पाहून वाटली नव्हती एवढी भीती मला त्या वाक्यानं वाटली. डॉक्टर म्हणाले, या वेळी जखम भरेल, पण पायातली संवेदना गेलेली आहे, पुढच्या वेळचं सांगता येत नाही. पट्टी बांधणाऱ्या सिस्टरनं औषधाच्या चिठ्ठीमागे अण्णांचा पत्ता लिहून दिला.

अण्णांनी आईला स्टुलावर बसवलं, आपण जमिनीवर बसले आणि तिचा पाय उचलून मांडीवर घेतला. आईनं तो झटकन मागे ओढला. परक्या माणसानं पाय धरायचा हे तिला सोसलं नाही. अण्णा तिच्याकडे पाहत म्हणाले, ‘बाई, तुम्ही शाळेत पोरांचा हात धरून अक्षर गिरवून घेतलंसा की न्हाई? तसाच मी पाय धरतोय. तुमचं काम हातात होतं, माझं पायात हाय.’ आईनं पाय पुढे केला.

मग त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि केरसुणीची एक काडी तळव्याला जागोजागी टेकवू लागले. ‘लागलं की सांगा.’ आई ‘हो’, ‘हो’ म्हणत राहिली. काडी टेकलेली नसतानाही एकदा ‘हो’ म्हणाली. अण्णा थांबले. ‘बाई, अंदाजानं सांगू नका. परीक्षा न्हवं ही.’ आईचे डोळे भरून आले. चाळीस वर्षं दुसऱ्यांची कॉपी पकडणारी बाई स्वतः पकडली गेली होती. अण्णांनी काडी बाजूला ठेवली आणि उताण्या नाही, तर पालथ्या हातानं तिचा तळवा चाचपला, पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघतात तसा. अंगठ्याच्या मुळाशी हात थांबला. ‘इथं गरम हाय. इथं भार जास्ती पडायलाय. काटा गेला म्हणून काय झालं, हितं उद्या फोड येणार.’ मी हात लावून पाहिला. मला काही फरक कळला नाही. चार-पाचदा त्यांनी माझा हात एका जागेवरून दुसऱ्या जागी नेला, तेव्हा कुठे पुसटसा कळला.

आईचा पहिला जोड तीन आठवड्यांनी मिळाला. आत मऊ काळ्या रबराचे थर, खिळा एकही नाही, सगळं शिवलेलं आणि चिकटवलेलं. आमच्यासमोर हात घालून, डोळे मिटून त्यांनी तो तपासला आणि मग मला म्हणाले, ‘आता तुम्ही घाला हात.’ मी हसले. ते हसले नाहीत. ‘अक्का, ह्या पायाला कळत न्हाई. मग कुणाच्या तरी हाताला कळाय पाहिजे. माझा हात इथं राहणार, बाईंबरोबर तुमचा जाणार.’ पहिल्या दिवशी अर्धाच तास घालायचा, काढून पाय बघायचा, लाल दिसलं तर परत यायचं, असं बजावून त्यांनी आम्हाला सोडलं. त्याच संध्याकाळी फोन आला. ‘पाय बघितला काय?’ दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडाभर रोज. प्रत्येक नव्या जोडाला ते असाच फोन करत, हे नंतर कळलं. मी एकदा म्हणाले, ‘अण्णा, किती काळजी करता.’ त्यावर म्हणाले, ‘काळजी करून काय उपयोग? काळजी घ्यायची असतीय. करायची ती डोक्यात, घ्यायची ती हातात.’

पुढे दोन-तीन वर्षं मी वरचेवर त्यांच्या खोलीत जाऊन बसत असे. हुबळीच्या ऑफिसातून परतताना वाटेत उतरायचे. माझं काम आरोग्य विम्याच्या दाव्यांचं. लोकांची बिलं, डॉक्टरांचे कागद वाचायचे आणि दावा मंजूर की नामंजूर ते ठरवायचं. पूर्वी आम्ही अकरा जणी ते करत होतो. मग संगणकच कागद वाचू लागला, निकाल देऊ लागला, आणि आम्ही चौघी उरलो. एकदा अण्णांनी विचारलं, ‘मग आता तुम्ही काय करता?’

‘संगणकानं दिलेला निकाल बरोबर आहे का ते बघते आणि बटण दाबते.’

‘दिवसाला किती बघता?’

‘चारशे.’

त्यांच्या हातातली कातडं कापायची रापी तशीच थांबली. ‘चारशे दाबता म्हणा. बघता म्हणू नका.’ त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. पण त्या रात्रीपासून मला ते चारशे लोक दिसू लागले. आणि त्याबरोबर दुसरीही एक भीती: नुसतं बटणच दाबायचं असेल तर चौथी बाई तरी कशाला हवी?

यंत्रांवर अण्णांचा राग होता असं कुणी समजू नये. त्यांच्याकडे शिलाईचं यंत्र होतं, घासायची मोटर होती. ‘यंत्रानं माझा खांदा वाचला,’ म्हणत. एकदा मी विचारलं, हाताच्या कामात एवढं काय असतं? ते बराच वेळ रबर घासत राहिले. मग म्हणाले, ‘हातानं करताना मधे मधे वाटत राहतंय, चुकलं काय? चुकलं काय? ते वाटणं म्हणजेच काम. बाकी सगळी हमाली.’

गेल्या वर्षी आईचा जोड झिजला. अण्णांकडे नवा टाकला, पण त्यांना वेळ लागत होता. पूर्वी तीन आठवडे, आता सहा होऊन गेले तरी बूट तयार नव्हता. विचारलं की ‘होतंय, होतंय’ म्हणत. मला धीर धरवेना. हुबळीत एक नवं केंद्र निघालं होतं. काचेवर उभं राहायचं, खालून पायाचं चित्र निघतं, भार कुठे पडतो ते रंगांत दिसतं आणि यंत्र बुटात घालायचा तळ कापून देतं. मी आईला तिथे नेलं. पडद्यावर आईचा पाय उमटला. अंगठ्याच्या मुळाशी लाल डाग. जी जागा अण्णांनी हातानं शोधली होती तीच यंत्रानं क्षणात दाखवली. चार दिवसांत तळ मिळाला, बाजारच्या चांगल्या बुटात बसवून. सोबत हिरव्या खुणांचा अहवाल आणि सूचनांचा एक कागद. कागद मी फाइलमध्ये लावला.

अण्णांना लपवून ठेवणं बरं वाटेना, म्हणून तो जोड त्यांना नेऊन दाखवला. त्यांनी तळ काढून उजेडात धरला, कडेवरून अंगठा फिरवला. ‘लई चांगलं काम हाय. माझ्याहून सारखं कापलंय.’ मग हळूच विचारलं, ‘हात घातला काय आत?’

‘त्यांनी सगळं तपासून दिलंय अण्णा. अहवाल आहे.’

त्यांनी तळ पुन्हा बुटात बसवून दिला.

आठव्या दिवशी आईचा मोजा काढताना तो करंगळीला चिकटलेला दिसला. बुटाच्या आतली एक शिवण नेमकी तिथे घासत होती. संध्याकाळी आईचे पाय सुजतात; काचेवर ती सकाळी उभी राहिली होती. यात त्या केंद्राची चूक नव्हती. फाइलमधला कागद मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. रोज बुटात हात घालून पाहा, रोज पाय पाहा, असं त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. दोन-तीन वर्षं जे मी रोज करत होते ते हिरव्या खुणा पाहून सोडून दिलं होतं.

इस्पितळात अठरा दिवस गेले. पाय वाचेल की नाही हे पहिले सहा दिवस कुणी सांगत नव्हतं. शेवटी करंगळी काढावी लागली. आई मला काही बोलली नाही. उलट भेटायला येणाऱ्यांना सांगायची, ‘माझंच लक्ष नव्हतं.’ ते ऐकवत नसे.

आई बरी झाल्यावर मी एकटीच अण्णांकडे गेले. सगळं सांगितलं. ते ‘मी विचारलं होतं’ असं म्हणाले नाहीत. ‘बाईंची जखम कोरडी हाय काय?’ एवढंच विचारलं. मग म्हणाले, ‘तो यंत्राचा तळ टाकू नका. त्यावरच मी वरचा बूट शिवतो. चांगली वस्तू हाय, वाया कशाला घालवायची?’

महिन्याभरानं त्यांनी बोलावलं. आईला घेऊन गेले. अण्णांनी बुटात हात घातला, डोळे मिटले, नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. ‘बरोबर हाय,’ म्हणाले आणि बूट माझ्याकडे दिला. मी हात घातला. मला आता हात घातल्याशिवाय चैन पडत नव्हतं. पुढच्या टोकाला, काढलेल्या करंगळीच्या शेजारच्या बोटाजवळ, काहीतरी कडक लागलं. ज्वारीच्या दाण्याएवढं. चिकटवायच्या पदार्थाचा वाळलेला खडा अस्तराखाली राहून गेला होता.

‘अण्णा, इथं काहीतरी आहे.’

त्यांनी बूट घेतला, हात घातला. ‘कुठं?’

‘बाहेरच्या कडेला. पुढे.’

‘इथं?’ त्यांचं बोट त्याच जागेवर होतं. वरून कातडं हललेलं मला दिसत होतं. त्यांनी ते पुन्हा फिरवलं. पुन्हा. मग हात बाहेर काढला आणि मांडीवर पालथा ठेवला.

 मग त्यांनी केरसुणीची काडी मोडून आईच्या हातात दिली आणि डोळे मिटले. ‘बाई, बोटांना लावा.’ आई एकेका बोटाला काडी टेकवू लागली. ते ‘हां’, ‘हां’ म्हणत होते. तर्जनीला काडी टेकली तेव्हा म्हणाले नाहीत. मधल्या बोटालाही नाही. आणि मग आईनं काडी उचलून धरलेली असताना म्हणाले, ‘हां.’ आईनं माझ्याकडे पाहिलं. अण्णांनी डोळे उघडले आणि आमच्या तोंडाकडे पाहून त्यांना उमगलं. ‘मी अंदाजानं सांगायलो,’ ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. सहा-सात महिने बोटं जड वाटत होती. सुई दोनदा टोचून रक्त आल्यावरच दिसली होती. म्हणूनच काम रेंगाळत होतं. एकेक बूट चार-चारदा तपासत होते. ‘वाटलं, थंडीनं असंल. मग वाटलं, वयानं असंल. मला कळत होतं अक्का. पण हात गेला म्हटलं की मी गेलो. म्हणून म्हटलं न्हाई.’ डॉक्टरांनी नंतर मानेतल्या नसा आणि साखर, अशी दोन्ही कारणं सांगितली. लोकांचे पाय बघणाऱ्या या माणसानं स्वतःचं रक्त कधी तपासलं नव्हतं.

पण त्या दिवशी त्यांच्या मनात स्वतःचा हात नव्हताच. त्यांनी फळीवरची जुनी वही काढली. त्यात प्रत्येक पायाची आकृती पेन्सिलीनं काढलेली असे. मागच्या सात महिन्यांची पानं उलटत ते मोजत गेले. ‘एकवीस जोड,’ म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ‘एकवीस जोड मी न बघता दिलेत.’

पुढच्या पाच रविवारी मी आणि अण्णा माझ्या स्कूटरवरून हुबळी-धारवाड फिरलो. ते मागे, मांडीवर पिशवी. दार उघडलं की ते सरळ सांगत, माझी बोटं बधिर झाली आहेत, तुमचा बूट बघायचा आहे. काहींना हे कळेना. एक निवृत्त अधिकारी चिडले, म्हणाले, असं होतं तर काम घेतलंतच कशाला? अण्णांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मी बुटात हात घालायचे, ते समोर बसून सांगायचे, ‘टाचंपासनं सुरू करा. घाई नको. डोळे मिटा, डोळे उघडे असले की हात ऐकत न्हाई.’ पहिल्या घरी मी तोच बूट तीनदा चाचपला. मला आणखी एखादी करंगळी माझ्या नावावर नको होती. सोळा जोड निर्दोष निघाले. चारांत किरकोळ दोष होते. ते त्यांनी मला दाखवत, माझ्याच हातानं दुरुस्त करून घेतले.

शेवटचा जोड अमरगोळच्या मार्केट यार्डात राखण करणाऱ्या मल्लप्पांचा. ते लिंबाखाली बसले होते. बुटात टाचेपाशी टाक्याची गाठ होती, चांगली मुगाएवढी. अण्णांनी त्यांना पाय वर घ्यायला सांगितलं. ‘नोवु इल्ल अण्णा,’ मल्लप्पा हसत म्हणाले. दुखत नाही. अण्णा कानडीतच म्हणाले, ‘म्हणून तर भीती.’ टाच लाल झाली होती. मी पालथा हात लावला. गरम होती. कातडी मात्र फुटलेली नव्हती. आणखी एक आठवडा गेला असता तर फुटली असती. अण्णा तिथेच, धुळीत बसले. मल्लप्पांचा पाय त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, आणि त्या हातांना त्यातलं किती कळत होतं कोण जाणे. त्यांचे खांदे हलत होते. मल्लप्पा घाबरून म्हणत राहिले, काही झालं नाही अण्णा, काही झालं नाही.

त्यानंतर अण्णांनी नवा जोड घेतला नाही. खोली महिनाअखेरीला सोडली. पायांच्या आकृत्यांची वही त्यांनी हुबळीच्या केंद्रात नेऊन दिली. तिथल्या तंत्रज्ञ मुलीनं त्यांना दोन दिवस बसवून घेतलं आणि काय काय बघायचं ते विचारून लिहून घेतलं. परत येताना म्हणाले, ‘पोरगी चांगली हाय. तिला भीती हाय.’ मग ते आपल्या लेकीकडे अथणीला राहायला गेले.

मी दर आठवड्याला फोन करायचे. माघात त्यांना अर्धांगवायूचा एक सौम्य झटका येऊन गेला, आवाज जड झाला, तरी बोलत. तोपर्यंत ऑफिसात मी बटण दाबण्याआधी कागद वाचायला लागले होते. चारशेऐवजी साठ व्हायचे. त्यातला एक दावा कलघटगीजवळच्या एका बाईचा होता. संगणकानं तो नामंजूर केला होता, कारण एका कागदावर नाव शांतव्वा आणि दुसऱ्यावर शांता. मी फोन लावून विचारलं. तिकडून बाई म्हणाली, ‘दोन्ही मीच की.’ दावा मंजूर केला. असे आणखी सापडले. आणि महिनाअखेरच्या यादीत माझं नाव सगळ्यांत खाली आलं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून मुदत दिली: तीन महिन्यांत आकडा वाढवा, नाहीतर बघू.

अण्णांना मी हे सांगितलं. ‘मला भीती वाटते अण्णा. नोकरी गेली तर आईचं कसं करायचं? आणि न वाचता दाबलं तरी भीतीच वाटते.’

 

‘वाटू दे की,’ ते म्हणाले. ‘भीती वाटतीय म्हणून तर माणूस दुसऱ्यांदा बघतोय. यंत्र एकदाच बघतंय.’ मग थोडं थांबून, दमल्या आवाजात, ‘नोकरीचं मला कळत न्हाई अक्का. त्यात खोटं सांगणार न्हाई.’

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. अण्णा गेले होते. आईला जेव्हा सांगितलं तेव्हा ती खाटेवर बसून पायाला तेल लावत होती. तिनं बाटली बाजूला ठेवली. मी ऑफिसला फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं आणि अथणीच्या बसची वेळ विचारायला स्टँडवर गेले. त्याला आता दोन महिने होत आले; साहेबांनी दिलेल्या मुदतीतला एक महिना अजून शिल्लक आहे. रोज साठ दावे होतात. कधी बासष्ट.